एकतीस उंबऱ्यांचा टॉवर

“कुलूप लावलेली घरं मोजू नकोस गं येशी. कुलूप काय उठून टॉवरची राखण करणार आहे?”

अबी चोझोम हे म्हणाली तेव्हा मी तिच्या पडवीत बसले होते. मला सातवा महिना होता, लॅपटॉप गुडघ्यांवर तिरका धरलेला. ती वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडत होती. मी हसले. म्हटलं, अबी, सरकारच्या वहीत घर म्हणजे घर, आत माणूस आहे का हे सरकार विचारत नाही. तिनं एक मिरची कानाशी नेऊन हलवली, बिया वाजतात का बघितलं आणि टोपलीत टाकली. पुढे ती त्या विषयावर बोलली नाही, आणि मी विचारलंही नाही. यादी पुरी करायची होती.

ते बोलणं मी हसण्यावारी नेलं याचा राग मला आधी माझाच येतो. बाकीच्यांचा नंतर. पण बाकीच्यांचाही येतो, आणि तो गिळून टाकायचा नाही असं मी ठरवलं आहे.

यारफूच्या नोंदवहीत एकतीस उंबरे आहेत. सकाळी धूर निघतो तो सतरा घरांतून. उरलेली चौदा घरं राजधानीत, थिंफूला आहेत, समद्रुप जोंखारला आहेत, परदेशात पर्थला आहेत. इथे त्यांची नुसती दारं आहेत. माझ्या आईलाही भावानं थिंफूला नेलं, त्याची जुळी पोरं सांभाळायला. आमच्याकडे घर मुलीकडे जातं, म्हणून मी राहिले. कांगलुंगच्या कॉलेजात भूगोल शिकून परत आले तशी गावानं मला कागदांच्या कामाला जुंपलं. नवरा तेम्पा गेलेफूच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसतो, दोन-तीन महिन्यांनी एकदा येतो.

अबी ही माझ्या आईची मावशी. वरच्या वाडीत राहते. माझ्या घरापासून तासाभराची चढण, मध्ये पाइनचं रान, त्यामुळे तिच्या घराचा धूर माझ्या अंगणातून दिसत नाही. वरच्या वाडीत घरं सहा, एकवीस ते सव्वीस नंबरची. माणूस एकच, सव्वीस नंबरात. अबीचा मुलगा आणि नात पर्थला आहेत. नात तिथे म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात कामाला आहे. तिनं पाठवलेला एक फोटो अबी सगळ्यांना दाखवते: नात एका गोऱ्या म्हातारीला काखेत हात घालून उठवते आहे. “बघा, कशी हळुवार धरते,” असं अबी म्हणते. तिच्या आवाजात टोमणा नसतो. मला मात्र तो फोटो बघवत नाही.

तर टॉवर. आठ लाखही माणसं नसलेला आमचा देश. दोन कंपन्यांनी दोन डोंगरांवर दोन टॉवर बांधायचे ही चैन आम्हाला परवडणारी नाही. म्हणून सगळ्यांनी एकत्र बसायचं. सरकारनं पोलाद आणायचं, दोन्ही कंपन्यांनी आपापली यंत्रं एकाच टॉवरवर लावायची, वीजवाल्यांनी तार ओढायची, गावानं जागा द्यायची आणि देखभाल करायची. कुणी कुणावर कुरघोडी करायची नाही. हे सगळं समजावायला थिंफूहून एक बाई आल्या, दोन कंपन्यांचे दोन इंजिनियर आले, तेही एकाच गाडीतून. आम्हाला ते फार आवडलं. मला अजूनही ही कल्पना वाईट वाटत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की ही बाई मुळातच विरोधात होती.

अट एकच होती. तीस घरं हवीत. तिसाच्या खाली असाल तर पुढच्या योजनेत बघू, म्हणजे पाच वर्षांनी.

गावाचा निवडून दिलेला प्रतिनिधी आहे अजांग चेवांग, नात्यानं माझ्या आईचा चुलतभाऊ. तो पाहुण्यांना घेऊन गावभर फिरला. बाईंनी गंजलेली कुलपं बघितली. एका अंगणात छातीइतकी रानझुडपं माजली होती, तीही बघितली. एका इंजिनियरनं विचारलं, नोंदवहीत आहेत ना? अजांग अदबीनं म्हणाला, आहेत, ला. मग झालं, इंजिनियर म्हणाला. खोटं असं कुणीच बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते. बंद घरांच्या मालकांची संमती मी मिळवली, खाली फाट्यापाशी जिथे रेंज लागते तिथे बसून, वीचॅटवर बोलून पाठवलेल्या निरोपांतून. पर्थहून एकानं कळवलं, धरा आमचं घर, सुट्टीला येऊ तेव्हा रेंज लागेल. त्याच्या मागे बस थांबल्याचा आवाज येत होता.

मग देखभालीची पाळी लावायची वेळ आली. काम तसं किरकोळ. सोलर पॅनेलवरचं बर्फ आणि पालापाचोळा झाडायचा, वीज गेली तर जनरेटर चालू करायचा, काही मोडलं तर कळवायचं. गावच्या ल्हाखांगमधल्या, म्हणजे देवळातल्या, लोण्याच्या दिव्याची पाळी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे: घराच्या नंबराप्रमाणे, एकेका घराला दहा दिवस. तीच पद्धत टॉवरला लावायची असं झोमदूत, म्हणजे गावसभेत, ठरलं. बाईंना ते इतकं भावलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं. “हेच आम्हाला हवं आहे,” म्हणाल्या. मी यादी टाइप केली. एकपासून एकतीसपर्यंत, एकही घर न गाळता, कारण गाळलं असतं तर त्याच कागदावर एकतिसाचे सतरा झाले असते.

आता दिव्याच्या पाळीत एक गोष्ट आहे, जी कुठेही लिहिलेली नाही. घर बंद असलं तर त्याची पाळी लगतचा शेजारी चालवतो, आणि त्याचा गवगवा करत नाही. गवगवा करणं म्हणजे गेलेल्या माणसाला नावं ठेवणं. त्यामुळे दिवा कधी विझत नाही आणि कुणी किती दिवस चालवला हे कुणी विचारत नाही. टॉवरचंही असंच चालेल, असं आम्ही सगळ्यांनीच धरून टाकलं. बोललं कुणीच नाही.

टॉवर वरच्या वाडीच्या मागच्या धारेवर उभा राहिला. आम्ही सगळ्यांनी रस्त्यापासून पोलाद वाहिलं. मी नुकतीच बाळंत झाले होते, म्हणून माझ्या वाटचं अना येदोननं, माझ्या शेजारणीनं वाहिलं. पहिल्या दिवशी तेम्पाचा चेहरा फोनवर दिसला तेव्हा मी रडले, खोटं कशाला सांगू. माझ्या पोरीला, सेल्देनला ताप आला की आरोग्य केंद्राला विचारता यायला लागलं. मी भित्री आई आहे. पोर झोपली की तिच्या नाकासमोर बोट धरून श्वास तपासते. माझ्यासारखीला टॉवर म्हणजे काय, ते सांगत बसत नाही.

आणि अबीचंही सोपं झालं, असं मला वाटलं. आधी मी एक दिवसाआड वर जात असे, कधी खरांग, म्हणजे मक्याच्या कण्या घेऊन, कधी लोणी घेऊन. तिला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, ती विसरते. आता पोरीला पाठीला बांधून चढण चढायची गरज उरली नाही. रोज सकाळी नऊ वाजता मी फोन करायची. गोळी घेतलीस? घेतली. जेवलीस? जेवले. बरी आहेस? मला काय धाड भरली आहे? संपलं. एकटी राहणारी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिचं आणि माझं मधलं सगळं त्या दोन मिनिटांवर सोपवून मी मोकळी झाले.

डिसेंबरच्या शेवटी बाई पुन्हा आल्या, या वेळी तीन परदेशी पाहुण्यांना घेऊन. दोन कंपन्या, सरकार आणि खेडं मिळून टॉवर कसा चालवतात ते बघायला. अजांगनं कमरेला नवा गो, गुडघ्यापर्यंतचा झगा, आवळला होता. वर्षभरात एकदाही बंद न पडलेला टॉवर, म्हणून गावाला चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र मिळालं. पाहुण्यांनी विचारलं, रहस्य काय? अजांग म्हणाला, एकी. मी भाषांतर करून सांगितलं. अबी त्या दिवशी सर्वांना सूजा ओतत फिरत होती, मीठ-लोण्याचा चहा. तिच्या दोन्ही तळव्यांना भेगा पडल्या होत्या. मी बघितलं आणि म्हटलं, थंडीनं असेल.

जानेवारीच्या मध्यावर मोठं बर्फ पडलं. एका मंगळवारी सकाळी नऊला फोन लावला तर लागेना. दोन्ही कंपन्यांची कार्डं घालून बघितली. दोन्ही मेलेली. टॉवर एकच, तर मरणारही एकदमच. वीज आदल्या संध्याकाळीच गेली होती. मला वाटलं, पाळीवाला असेल कुणीतरी, चालू करेल जनरेटर. सेल्देन खोकत होती. मी चुलीपाशी बसून राहिले.

बुधवारी दुपारपर्यंतही रेंज नव्हती. मग माझा पारा चढला. पाळी कुणाची आहे ते बघून त्याच्या दारात जाऊन चार शब्द सुनवावेत म्हणून मी यादी काढली. चोवीस नंबर. चोवीस नंबरवाला चार वर्षं समद्रुप जोंखारला गॅरेज चालवतो. बरं, शेजारी कोण? तेवीस. तेवीस थिंफूला. पंचवीस? पंचवीसचं छप्पर दोन वर्षांपूर्वी बसलं. बावीस, एकवीस, दोन्ही पर्थला. मी बोट खाली सरकवत होते आणि सव्वीसवर येऊन थांबले.

एकवीसपासून पंचवीसपर्यंत पाच कुलपं, ओळीनं. पाच गुणिले दहा. डिसेंबरच्या दहा तारखेपासून आजपर्यंत छत्तीस दिवस त्या पाचही घरांना जिवंत शेजारी एकच होती.

मला आता आठवतात ते तिचे फोन. बरी आहेस? बरी आहे. आणि मागे वाऱ्याचा आवाज, आणि एक बारीक घूं घूं. मी एकदा विचारलंही होतं की हा आवाज कसला. ती म्हणाली, चुलीवर पाणी आहे.

सेल्देनला अना येदोनच्या मांडीवर टाकून मी अजांगच्या दारात गेले. तो आधी म्हणाला, अगं, कंपनीवाले येतीलच. मी यादी त्याच्या नाकासमोर धरली आणि माझं बोट फिरवलं तसंच त्याचं फिरवलं. सव्वीसपाशी त्याचा हात थांबला. मग तो बूट घालायला लागला, आणि त्याला नाडी बांधता येईना.

अबीच्या घरात चूल थंड होती. घराच्या मागून धारेकडे जाणाऱ्या वाटेवर तिच्या पावलांची खूण बर्फानं बुजली होती, पण वाट तयार झालेली दिसत होती. रोजच्या जाण्यायेण्यानं पडते तशी. पॅनेलपाशी तीन पायऱ्यांची शिडी आडवी पडलेली. तिथून जनरेटरच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत बर्फात एक रुंद चर. कुणी पोतं ओढत न्यावं तसा.

ती आत होती. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत स्वतःला गुंडाळून, जनरेटरला टेकून. डावा खुबा मोडला होता. ओठ निळे. हातात फोन. त्या टॉवरच्या बुंध्याशी, वीस पावलांवर, आणि रेंज नाही. आम्हाला बघून तिनं पहिलं काय म्हटलं असेल?

“जनरेटरची दोरी ओढली मी, पण जोर लागला नाही. गावाची गैरसोय झाली.”

तिला खाली न्यायला आठ माणसं लागणार होती, आळीपाळीनं. गावात दणकट गडी पाच. उरलेल्या तीन जागी आम्ही बायका लागलो. एक शाळकरी पोरगा पुढे धावत खाली गेला, दुसऱ्या डोंगरावरच्या टॉवरची रेंज पकडून रुग्णवाहिका बोलवायला. अंधार पडायच्या आत आम्ही तिला घेऊन निघालो. मोंगारच्या दवाखान्यात तिच्या खुब्यात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर बाई मिळाली नसती.

फेब्रुवारीत झोमदू बसली. बाई आल्या, दोन्ही इंजिनियर आले, गुप, म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्या गावांचा प्रमुख, तोही आला. संत्री आणि बिस्किटं आणली होती. आधी अबीच्या प्रकृतीसाठी दोन मिनिटं प्रार्थना झाली. मग प्रत्येकानं प्रत्येकाचे आभार मानले. त्यातून मला कळलं की मंगळवारी सकाळीच दोन्ही कंपन्यांच्या ऑफिसात पडद्यावर लाल खूण आली होती. दोघांनीही ती बघितली. पण करारात लिहिलं आहे की पहिले बहात्तर तास गावाचे. आधी गाव बघेल, मग वीजवाले, मग कंपनी. एकमेकांच्या कामात ढवळाढवळ नको म्हणून. करारावर सहा सह्या आहेत. सहाही जण एकमेकांचा मान राखत बसले होते.

“दोष कुणाचाच नाही,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांनी मिळून चालवलेली गोष्ट आहे, सगळ्यांनी मिळूनच शिकायचं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. काहींनी संत्री सोलायला घेतली. आणि त्या सालीच्या वासानं का काय कोण जाणे, माझं डोकं फिरलं. मी पोरीला खाली ठेवून उभी राहिले.

“मला एवढंच सांगा,” मी म्हटलं. “छत्तीस दिवस त्या पॅनेलवरचं बर्फ कुणी झाडलं?”

इंजिनियरनं कागद चाळला. “गावानं,” तो म्हणाला.

“गावाचं नाव चोझोम आहे. वय चौऱ्याहत्तर.”

अजांगनं माझ्या किराचं, अंगाला गुंडाळलेल्या वस्त्राचं, टोक ओढलं. खाली बस, तो पुटपुटला. मी बसले नाही. मग तो हळू आवाजात, दात आवळून म्हणाला, “तू आता घरं मोजायला लागशील, माहीत आहे मला. मोज. सतरा भरतील. सतरा घरांना टॉवर ठेवतात का ते पण विचार मग. उद्या तुझी पोर रात्रीची तापली की कॉलेजचं सर्टिफिकेट कपाळावर ठेव तिच्या.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या पायाशी सेल्देन बिस्किटाचा चुरा करत बसली होती. एक आकडा बोलायचा की नाही, एवढंच होतं. बोलले तर टॉवर जाईल, आणि टॉवर गेला तर सगळ्यात आधी मीच उघड्यावर पडेन. नाही बोलले तर अबी दवाखान्यातून येईल आणि पुन्हा तीच शिडी चढेल. आणि समोर माझ्या वयाची दहा माणसं, माझ्याकडे न बघता संत्री खाणारी.

“सतरा,” मी मोठ्यानं म्हटलं. “या गावात सतरा घरं आहेत. चौदा कुलपं मी यादीत घातली. तुम्ही सगळ्यांनी ती बघितली होती.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. त्या हसल्या, खरंच प्रेमानं हसल्या, आणि तो प्रेमळपणा मला आजही थपडेसारखा आठवतो.

“हे मी ऐकलं नाही असं धरते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याच भल्यासाठी.”

शेवटी ठराव वाचून दाखवला. त्यातलं नववं कलम असं होतं: बंद घरांची पाळी परंपरेप्रमाणे लगतच्या शेजाऱ्यांनी सांभाळावी. म्हणजे जे आजवर न बोलता चालत होतं ते आता शिक्क्यानिशी झालं. माणूस मरता मरता वाचलं, त्यातून निघालेली सुधारणा ही. कुणाची हरकत? गुपनं विचारलं. आमच्याकडे झोमदूत गप्प राहणं म्हणजे हात वर करणं. सगळे गप्प. मी म्हटलं, माझी हरकत आहे. ठरावात त्याची नोंद अशी झाली: एका भगिनीनं उपयुक्त सूचना केली.

त्यानंतर गावात माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. माझ्यामुळे टॉवर जातो की राहतो या धास्तीत सगळे चार महिने होते. टॉवर राहिला. बाईंनी शब्द पाळला, ऐकलंच नाही.

अबी एप्रिलमध्ये परतली, काठी टेकत. मी तिला माझ्या घरी ठेवून घ्यायला बघितलं. आठ दिवस राहिली आणि वर निघाली. मी वाटेत आडवी झाले, रडले, पोरीची शपथ घातली. म्हटलं, तुझं नाव मी पाळीतून काढून घेते, अर्ज लिहिते.

ती रागावली. तिला रागावलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

“माझं नाव काढशील? मी काय मेले? पोरं कुठून कुठून फोन करतात, त्यांना लागायला नको?”

तिचा मुलगा पर्थहून आठवड्यातून एकदा फोन करतो, रविवारी. त्याला माहीत नाही की तो फोन लागावा म्हणून त्याची आई उरलेले सहा दिवस काय करते. मी त्याला सांगितलं. तो फार गहिवरला. त्यानं तिला लोकरीचे हातमोजे पाठवले.

आणि आता माझं. ऑगस्टमध्ये सेल्देनच्या छातीचं दुखणं पुन्हा उपटलं, तेम्पा म्हणाला पुरे झालं, आणि मी गेलेफूला आले. घराला कुलूप लावलं. यादीत माझं घर अकरा नंबर आहे, अजूनही आहे. माझी पाळी नवव्या कलमाप्रमाणे अना येदोन चालवणार, जिचे गुडघे आता धड नाहीत. सतराचे सोळा मी केले. तेव्हा मी कुणापेक्षा वरचढ आहे म्हणून हे लिहीत नाही. मला राग येतो आणि त्या रागाला जायला जागा नाही, म्हणून लिहिते आहे.

रोज नऊ वाजता फोन करते. ती उचलते. बरी आहेस? बरी आहे. नव्या यादीप्रमाणे वरच्या वाडीची पाळी डिसेंबरात लागते, आज महिन्याची पाच तारीख आहे. काल तिच्या आवाजामागे पुन्हा वारा होता. मी विचारलं, कुठे आहेस? घरात, म्हणाली. अजांगला फोन केला, तो म्हणाला बघतो. तो बघेलही. पण वर पाठवावा असा त्याच्याकडेही दुसरा कुणी नाही, एकटा तोच आहे.

तुम्ही ट्राशिगांगच्या बाजूला जाणार असाल, तर यारफूच्या फाट्याला गाडी थांबवा. फोन करू नका. ती उचलेल आणि बरी आहे म्हणेल. तुमच्या फोनवर रेंज भरलेली दिसली म्हणून समाधान मानून पुढेही जाऊ नका. दीड तासाची वाट आहे गावापर्यंत, तिथून पाइनच्या रानातून आणखी एक तास. सहावं घर, दाराशी मिरच्या. हाक मारा. आतून ओ आली नाही तर घराच्या मागून वर जाणारी वाट धरा, आणि शिडीपाशी ती असेल तर तिला खाली उतरवा, हळू, डावी बाजू सांभाळून. तिचे हात बघा, चूल पेटलेली आहे का बघा, गोळ्यांचं पाकीट मोजा. आणि मला कळवा. कृपा करून कुणीतरी जाऊन बघा.